दहा मीटरचा पगार

४ मार्च

मालकांनी आज दुपारी माझ्या कटिंग टेबलावर चढून सांगितलं की महिनाअखेर कारखाना बंद. त्या टेबलावर कुणी बूट घालून चढलेलं मी सव्वीस वर्षांत खपवून घेतलेलं नाही. त्यामुळे एवढी मोठी बातमी ऐकूनही माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "साहेब, आधी बूट काढा." त्यांनी मुकाट्याने काढले. मग मोज्यांवर उभे राहून उरलेलं सांगितलं आणि रडले. अंगठ्यापाशी मोजा फाटलेला होता. मला दयाही आली आणि रागही आला.

शिलाईवाल्या सगळ्या रडल्या. मी नाही रडले. सगळे मला मास्तर म्हणतात. बाईमाणसाला मास्तर का म्हणायचं, असं विचारणारे पहिल्या वर्षातच गप्प झाले. कापडावर नुसती नजर टाकून त्यातून किती शर्ट निघतील ते मी सांगते, आणि तेवढे निघतात. अशा बाईने रडून कसं चालेल? कापडावरच्या खडूच्या रेषा पुसल्या जातील.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे पूर्वी बस चालवायचे. कंबर गेली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून ताकीद दिली, तेव्हापासून बारा वर्षं घरी आहेत. पेन्शन बेताची. बातमी ऐकून हे स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "पुढे कसं करायचं?"

मी म्हटलं, "बेकारी भत्ता असतो. तुम्ही काळजी करू नका, मी मांडणी करते."

६ मार्च

मांडणी झाली आणि मी खूश आहे.

नोटांचे आकडे मला कळत नाहीत असं नाही, पण कापड म्हटलं की डोळ्यासमोर उभं राहतं. म्हणून माझा पगार म्हणजे दहा मीटर कापड, असं धरलं. भत्ता पगाराच्या साठ टक्के असतो, हे कारखान्याच्या फलकावर कित्येक वर्षं लावलेलं आहे. म्हणजे सहा मीटर. ह्यांची पेन्शन दीड. एकूण साडेसात. घरभाडं अडीच, खाणंपिणं आणि वीज दोन, औषधं अर्धा, लेकीच्या नर्सिंगच्या वसतिगृहाला एक. झाले सहा. उरले दीड मीटर, आणि बाजारामागच्या गल्लीतल्या गाळ्याचं भाडं बरोबर दीड मीटर!

गाळ्याचं डोक्यात कधीपासून आहे. लहान शिंप्यांकडे कापायला ना जागा असते, ना हात बसलेला असतो. त्यांचं कापड आणायचं, थर लावून एकदम कापायचं, गठ्ठे बांधून द्यायचे. ते शिवतील, मी कापीन. सहा महिने भत्ता आहे, तेवढ्यात धंदा उभा राहील. मला यात तिळमात्र शंका नाही.

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. काठाला काठ लागलाय, एक चिंधी वाया जात नाही, असंही म्हटलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माया किती ठेवलीस?"

शिलाईसाठी कडेने जास्तीचं कापड सोडतात, ती माया. सव्वीस वर्षं बायकोच्या तोंडून ऐकून ऐकून हेही शब्द वापरायला लागलेत. मी म्हटलं, "अहो, ही काय शर्टाची बाही आहे उसवायला? सरकारी भत्ता आहे."

"बरं," म्हणाले, आणि चपला घालून बाहेर गेले. ह्यांना माझ्या यशाचं कधी कौतुकच नसतं.

९ मार्च

आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी ही रांग. "मास्तर, माझं किती बसेल?" प्रत्येकीला तिच्या पगाराच्या मापाने सांगितलं. रडणाऱ्या बायका हसत परत गेल्या. मला फार बरं वाटलं.

शेवटी काजवाली आली. ही काजाच्या मशिनवर बसते, वयाने माझ्या लेकीएवढी, आईबरोबर राहते. कारखान्यात येऊन तिला वर्ष होऊन थोडेच दिवस झालेत. खरं तर ती नोव्हेंबरातच गेली असती. तेव्हा ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या आणि मालक नव्या चौघींना काढायला निघाले होते. मीच उभी राहिले होते. म्हटलं, कुणाला काढायचं नाही, सगळ्यांनी एक आठवडा आड काम करायचं आणि निम्मा पगार घ्यायचा. जुन्या बायकांनी थोडी कुरकुर केली, पण केलं. फेब्रुवारी संपेपर्यंत सगळ्या पोटाला चिमटा काढून राहिलो आणि एकही बाई गेली नाही. आता तर सगळेच चाललो, पण त्या चार महिन्यांचा मला आजही अभिमान आहे.

काजवाली म्हणाली, "मास्तर, लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळतंय. पगार कमी आहे. घेऊ का?"

तिचा पगार माझ्या मापाने सहा मीटर. भत्ता साडेतीनच्या वर बसतो. मी म्हटलं, "दिवसभर वाफेत उभी राहून हात भाजून घेणार का? भत्ता आहे ना. नीट शोध, काजाचं काम मिळेल."

"तुम्ही म्हणता तर नाही घेत," असं म्हणून ती गेली. पोरीचा माझ्यावर फार विश्वास आहे.

१५ मार्च

गाळेवाल्याला आगाऊ भाडं देऊन टाकलं. साठवलेल्यातलं बरंच गेलं, पण गाळा छान आहे. उत्तरेला मोठी खिडकी, उजेड सारखा पडतो. भिंतींना पोपडे आलेत, रंग देऊन घेईन.

ह्यांनी हल्ली एक नवीनच खूळ काढलंय. भल्या पहाटे फिरायला जातात. बारा वर्षांत ज्या माणसाला चहाचा कप नाकाशी नेल्याशिवाय जाग आली नाही, तो माणूस मी उठायच्या आत घराबाहेर! येताना गरम पाव आणतात. म्हणे बेकरीवाली ओळखीची झालीय, स्वस्तात देते. आज बाहीला पांढरं लागलेलं होतं. कुठल्या तरी चुन्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले असतील. स्वतःचा शर्ट सांभाळता येत नाही, आणि बायको शर्टांची मास्तर.

पाव मात्र सुरेख असतो.

२३ मार्च

फिरण्याचा काही उपयोग दिसत नाही. दुपारी जेवले की आडवे. कंबर धरून उठतात. मी म्हटलं, "व्यायामाने माणूस ताजातवाना होतो, तुम्ही उलटे चाललात." तर हसले नुसते.

लेकीचा फोन आला. माझ्या गाळ्याचं ऐकून खूश झाली. फोन ठेवताना म्हणाली, "आई, बाबांना सांग, पट्टा बांधल्याशिवाय गाडीत..." आणि थांबली.

"कुठल्या गाडीत?"

"अगं, म्हणजे फिरताना. फिरताना कमरेला पट्टा बांधत जा म्हणावं."

या मुलीला अभ्यासाने थकवा आलाय. काहीतरीच बोलते. दूध पीत जा म्हणून सांगितलं.

३१ मार्च

शेवटचा दिवस. शेवटचा थर मी कापला, निळ्या शर्टांचा. मग मशिनं बंद झाली. सव्वीस वर्षांत ती खोली इतकी गप्प मी ऐकली नव्हती.

मालकांनी मला टेबल देऊन टाकलं. पैसे विचारले तर म्हणाले, "बुटांचा दंड समजा." आठ जणांनी उचलून गाळ्यात आणून ठेवलं. खिडकीखाली असं बसलंय की जणू मापाने बनवून घेतलं होतं. मग कुणी बघत नाही असं पाहून मी त्याच्यावर डोकं टेकलं आणि भरपूर रडले. हे दारात उभे होते, ते नंतर कळलं.

३ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही. पण लिहिते.

भत्त्याच्या कचेरीत गेले. खिडकीवर एक चष्मेवाली बाई होती, स्वभावाने बरी. कागद बघून तिने आकडा सांगितला. मी म्हटलं, "तुमचं काहीतरी चुकलंय." तिने पुन्हा मोजलं. आकडा तोच. माझ्या मापाने चार मीटर. सहा नाही, चार.

"शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराची सरासरी काढतात, बाई," ती म्हणाली. "आणि त्या सरासरीच्या साठ टक्के. तुमचे मधले चार महिने निम्म्या पगाराचे आहेत."

तोंडात मारल्यासारखं झालं. निम्म्या पगाराचे चार महिने. ते मीच घ्यायला लावले होते. मला, आणि सगळ्यांना.

बाकावर जाऊन बसले. नवीन कापड आलं की मी आधी तुकडा पाण्यातून काढते, वाळवते, किती आटतं ते बघते आणि मगच कात्री लावते. शिकायला आलेल्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आणि या एका मांडणीत मी न भिजवलेलं कापड अंगभर मोजून मोकळी झाले. वर सगळ्या रांगेला मोजून दिलं!

आणि काजवालीला लाँड्रीचं काम सोडायला लावलं. मला माझ्या दोन मीटरांचं वाईट वाटलंच, पण त्या पोरीचं त्याहून जास्त वाटलं. घरी येऊन जेवले नाही. ह्यांनी पावाला लोणी लावून समोर ठेवलं.

४ एप्रिल

घरोघर जाऊन सांगितलं. कुणी दार लोटलं, कुणी बसायला खुर्ची दिली. बाह्या लावणारी म्हणाली, "मास्तर, तुम्ही चुकलात हे ऐकायला सव्वीस वर्षं थांबले होते, पण आज मजा नाही आली." शेवटी दोघी हसलो. एकीने मात्र स्पष्ट सुनावलं, "नव्या पोरींसाठी आमचं नुकसान केलंत." मी ऐकून घेतलं. तिचं बोलणं खोटं नव्हतं.

काजवालीच्या घरी सगळ्यात शेवटी गेले. मी सांगितलं तेव्हा तिची आई भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली. लाँड्रीतली जागा भरली गेली होती.

मी म्हटलं, "माझ्या शब्दावर गेलीस. चूक माझी आहे." काजवाली म्हणाली, "उद्या कचेरीत याल का माझ्याबरोबर? मला एकटीला भीती वाटते."

५ एप्रिल

दोघी गेलो. चष्मेवालीने काजवालीचे कागद पाहिले. आकडा निघाला अडीच मीटरला थोडा कमी. काजवालीने मान खाली घातली. मला भुई दुभंगेल तर बरं असं झालं.

चष्मेवाली कागदाला शिक्का मारता मारता म्हणाली, "नशीब चांगलं तुझं. भत्त्याला सलग एक वर्ष नोकरी लागते. पगार निम्मा झाला तेव्हा, नोव्हेंबरातच सुटली असतीस तर काहीच मिळालं नसतं."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"शून्य, बाई. वर्ष झालं नसतं ना. कालच हिच्याबरोबरच्या तिघी येऊन गेल्या, त्यांचंही वर्ष थोडक्यात भरलेलं."

काजवाली माझ्याकडे बघायला लागली. मग कचेरीच्या शिपायासमोर, रांगेसमोर तिने मला गच्च मिठी मारली. शिपाई म्हणाला, "खिडकी मोकळी करा." मी म्हटलं, "करते, जरा थांबा की." माझा आवाज पुन्हा माझा झाला होता.

मांडणी चुकली ती चुकलीच. पण नोव्हेंबरात मी जे केलं ते पुन्हा करीन, आणि या वेळी आटून किती उरेल हे माहीत असूनही करीन. जुन्या बायकांना मात्र ते आधी नीट सांगीन.

चष्मेवालीला धंद्याचंही विचारून घेतलं. मिळकत सुरू झाली की कळवायचं, तेवढी भत्त्यातून वजा होते. न विचारता आता मी पाण्याचा पेलासुद्धा उचलणार नाही.

११ एप्रिल

दोन मीटर कमी. घरात कुठे कापावं ते कळेना. गाळा सोडायचा असं ठरवून काल रात्री ह्यांना सांगितलं. माझा आवाज कापरा झाला, मला आवडलं नाही ते.

हे म्हणाले, "थांब जरा. मी तुला सांगायचं विसरलो. पेन्शनची थकबाकी निघालीय. हप्त्याहप्त्याने देणार आहेत." आणि एक पाकीट समोर ठेवलं. माझ्या मापाने महिन्याला पावणेदोन मीटर होतात!

"अहो, हे विसरण्यासारखं आहे का?"

"वय झालं," म्हणाले.

पाकिटावर बोटांचे पांढरे ठसे होते. कुठे कुठे हात टेकतात देव जाणे. पण बारा वर्षांनी का होईना, त्या खात्याला ह्यांची आठवण झाली. मला इतका आनंद झाला की मी मोजायचंही विसरले.

आज सकाळी काजवाली आली. मालकांनी जुनं काजाचं मशिन तिला भंगाराच्या भावात दिलंय, पण तिच्या खोलीत ते मावत नाही. "गाळ्यात कोपरा द्या मास्तर. भाड्यातला अर्धा मीटर मी देते." तीही आता मीटरमध्ये बोलते.

पावणेदोन आणि अर्धा, सव्वादोन. लागतात दोन. पाव मीटर माया राहिली. गाळा राहतोय.

२ मे

पाटी लागली. उजेड उत्तम पडतो. या आठवड्यात तीन शिंप्यांचं कापड आलं. एकाने खोचकपणे विचारलं, "बाई, यातून किती निघतील?" मी थानावर हात फिरवला, तुकडा भिजवून वाळवून घेतला, मग आकडा सांगितला. तेवढेच निघाले. तो उद्या मेहुण्याला घेऊन येतोय.

दुपारी एक ठेंगणी, गोरीगोमटी बाई आली. कामगारांसाठी एप्रन हवेत म्हणाली. बेकरी आहे तिची. "तुमच्या मिस्टरांनी पाठवलं. म्हणाले, कापडावर नजर टाकून सांगणारी बाई या शहरात एकच आहे."

मी म्हटलं, "हो, रोज पाव घ्यायला येतात ना तुमच्याकडे."

ती हसली. "घ्यायला? अहो, पोचवायला. आमची पावाची गाडी तेच चालवतात. मार्चपासून. एक दिवस खाडा नाही. पण क्रेट उचलू नका म्हणून कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. वाकले की चेहरा पांढरा होतो त्यांचा."

माझ्या हातातला खडू मोडला. आधी राग आला, एवढा की एप्रनचं माप दोनदा चुकले. डॉक्टरांनी हात लावू नका म्हटलेल्या स्टिअरिंगवर हा माणूस रोज पहाटे बसतो, आणि मी त्याला आळशी म्हणते. मग लाज वाटली. बाहीवरचं पांढरं, पाकिटावरचे ठसे, लेकीचं अर्धवट वाक्य. सव्वीस वर्षं मी सुतातला दोष पकडते, आणि हे समोर असून दिसलं नाही. मार्चपासून! म्हणजे मी छाती पुढे काढून मांडणी सांगितली त्याच आठवड्यात ह्यांनी गाडी धरली. माया किती ठेवलीस, असं एकदाच विचारलं, आणि मी ठेवली नाही म्हटल्यावर वाद न घालता स्वतःच ठेवून दिली.

बेकरीवालीला म्हटलं, "एप्रनची कटाई मी निम्म्या दरात करते. पण क्रेट चढवायला-उतरवायला गाडीवर एक माणूस द्यायचा. आणि हे मी सांगितलं असं त्यांना सांगायचं नाही."

ती म्हणाली, "पूर्ण दर घ्या, माणूस देते."

३ मे

जाड कॅनव्हास आणला. भिजवला, वाळवला. आटला दोन बोटं, म्हणजे बघा. ह्यांच्या जुन्या पँटीवरून कमरेचं माप घेतलं. आत पट्ट्या घालायला कप्पे केले, काजवालीने कडेला मजबूत काजं करून दिली. "कुणासाठी आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "एका गिऱ्हाइकासाठी. फार खोटारडं आहे."

४ मे

हे पाणी पीत होते, तेव्हा पट्टा ह्यांच्या पुढ्यात ठेवला. उलटून-पालटून पाहिला. बांधून पाहिला. अगदी नीट बसला, दोन्हीकडे माया ठेवून.

मग सावधपणे म्हणाले, "पण मला कशाला? घरी बसणाऱ्या माणसाला?"

मी भांडी विसळत होते. वळले नाही. म्हटलं, "थकबाकी आणायला फार वाकावं लागत असेल ना, म्हणून."

मग वळून पाहिलं तर ह्यांचे कान लाल झाले होते. ह्यांनी पट्टा सोडून दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि झोपायला गेले.

५ मे

सकाळी उठून आधी खुंटी पाहिली. पट्टा नव्हता.